फोनवरची डॉक्टर

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातल्या निम्म्या मराठी घरांतली पोरं माझ्या फोनवर मोठी झाली आहेत. मी बालरोगतज्ज्ञ, आता रिटायर्ड. ‘काकू, बाळाला ताप आहे’, ‘मावशी, पोरगं सोफ्यावरून पडलं, काय करू?’ असे दिवसाला तीन-चार फोन यायचे. इथे अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ताप उतरूनही जातो, मग काकू कशाला आहे? मी पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची, दोन मिनिटांत निकाल द्यायची, आणि ऐकलं नाही तर झापायची. माझ्या तोंडाला सगळेच घाबरतात. नागपूरची आहे, त्याला माझा इलाज नाही.

माझी एकुलती एक मुलगी त्याच तोंडाला कंटाळून ऑस्ट्रेलियाला पळाली, असं मी चिडले की म्हणायची. खरं म्हणजे ती खेळायला गेली. उंच, दणकट पोरगी, कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. मेलबर्नच्या एका फुटबॉल क्लबची माणसं अशा अमेरिकन मुली शोधत आली आणि त्यांनी हिला निवडलं. त्यांचा तो फुटबॉल वेगळाच. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, डोक्याला हेल्मेट नाही, आणि उंच चेंडू पकडायला पोरी एकमेकींच्या पाठीवर चढतात. मी म्हटलं, इंजिनिअरिंगची डिग्री घाल चुलीत आणि जा. ती खरंच गेली.

तिथे ती डिफेंडर झाली. डिफेंडरने मागे राहायचं आणि समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी खेळाडूला चिकटायचं. चेंडू आला की पकडता आला तर पकडायचा, नाही तर मुठीने लांब उडवून द्यायचा. गोल दुसऱ्यांनी करायचे. पाच सीझनमध्ये माझ्या मुलीने एकही गोल केला नाही. मी सकाळी चहा घेत रेकॉर्डिंग बघायची आणि नवऱ्याला म्हणायची, बघा, ही जन्मभर माझ्याशी वाद घालत आली आणि आता आडवं येण्याचेच पैसे घेते. तो हसायचा. मलाही आतून अभिमान वाटायचा, पण तिला तो कधी बोलून दाखवला नाही, हा माझा गाढवपणा.

कारण तिला मी सतत अडवतच आले. जिम्नॅस्टिक्स नको, हात मोडेल. सोळाव्या वर्षी हायवेवर ड्राइव्ह करायचं नाही. तो मुलगा नको, धड नोकरी नाही. मेलबर्नला गेल्यावरही फोनवर माझं सुरूच, ‘आता पुरे, परत ये’. मग तिने सांगणंच बंद केलं. बोटं मोडली, बरगडीला तडा गेला, सगळं मला महिनाभराने कळायचं. रविवारी फोन, जेवलीस का, थंडी आहे का, आणि ‘आय अॅम फाइन, आई’. एवढंच.

त्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी फोन आला तेव्हा मी थालीपीठ थापत होते. ती म्हणाली, “आई, एक सांगू? पण डॉक्टर नको होऊस हं.”

प्रॅक्टिसमध्ये कुणाचा तरी गुडघा तिच्या डोक्याला लागला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती उठून खेळत राहिली होती. त्याला तीन दिवस झाले होते. डोकं दुखत होतं, उजेड सहन होत नव्हता, साधे साधे शब्द आठवत नव्हते. क्लबला सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे तिला किमान दोन आठवडे बसवलं असतं. पुढच्या शनिवारचा सामना हरला की घरी असा होता, आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट त्याच वर्षी संपत होतं. बाहेर बसली तर पुन्हा कुणी घेईल याची खात्री नव्हती.

मी प्रश्न विचारले. उलटी झाली का? झोप कशी आहे? तिने सगळं सरळ सांगितलं. उत्तर मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मेंदूला मार लागलाय आणि हिने मैदानात पाऊल ठेवायचं नाही, हे इंटर्नसुद्धा सांगेल. शेजारणीचं पोरगं असतं तर मी त्याच्या आईला फाडून खाल्लं असतं.

आणि मी काय केलं? मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. पाच वर्षांनी पोरीने आपण होऊन मला काही सांगितलं होतं. आता ओरडले तर ही पुन्हा तोंड मिटून बसेल, या भीतीने मी मूग गिळले. म्हटलं, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पड, पाणी पी, डोकेदुखीची गोळी घे. बाकी तुझं तू ठरव. असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले होते. ती “ओके” म्हणाली.

नवऱ्याने विचारलं, काय म्हणत होती? मी म्हटलं, काही नाही, लोणच्याची रेसिपी विचारत होती.

तो सामना आम्ही लाइव्ह बघितला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती चेंडूवर नजर ठेवून मागे मागे पळत गेली आणि समोरून येणाऱ्या मुलीचा खांदा तिच्या जबड्यावर बसला. ती पडली तेव्हा तिचे दोन्ही हात हवेत ताठ झाले होते. मेंदूला जबर मार बसला की हात असे होतात, हे मला माहीत होतं. नवरा विचारत राहिला, उठेल ना गं? मी टीव्ही बंद केला.

तिथल्या डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद करायला सांगितला. ती घरी परतली त्याला आता चौदा महिने झाले. आमच्या बेसमेंटमध्ये जाड पडदे लावून राहते. दहा मिनिटं वाचलं की मळमळतं. कुकरच्या शिट्टीने डोकं फुटतं, म्हणून मी वरण उघड्या पातेल्यात शिजवते. बादली, चमचा असे शब्द अडकले की ती भिंतीकडे बघत बसते आणि मी ते सुचवावेत की नाही हे मला कळत नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतो, वेळ द्या. हे वाक्य मी स्वतः किती आईबापांना सांगितलंय, आणि सांगताना हातात काही उरलेलं नसायचं. लोकांचे फोन अजून येतात. मी म्हणते, डॉक्टरकडे जा, आणि ठेवून देते.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचं ताट घेऊन खाली गेले आणि बोलून टाकलं. म्हटलं, त्या रविवारी मला सगळं कळलं होतं, मी तुला अडवायला हवं होतं. तू पुन्हा बोलणं बंद करशील म्हणून घाबरले. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

ती बराच वेळ शब्द शोधत होती. मग माझ्यासाठी मराठीत, थांबत थांबत बोलली.

“मला खेळायचं होतं. मला स्वतःला नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून तुला फोन केला. तू ओरडली असतीस तर मी क्लबला सांगणार होते.” थोडा भात कालवून तिने तो तसाच ठेवला. “तू ओरडली नाहीस. मला वाटलं, मग फार काही नसेल.”