अशोकचा लॅपटॉप

कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये भंगार साठतं तसे किस्सेही साठतात. बारामतीत खताच्या दुकानावर आमचा क्लास होता. तिथल्या माळ्यावर मेलेले कीबोर्ड, फुटके माऊस आणि कुणी न्यायला न आलेले मॉनिटर इतके जमले की एकदा मालकानं खालून ओरडून विचारलं, छत खाली येणार आहे का म्हणून. ते सामान पुढे भंगारवाल्यानं नेलं. किस्से तेवढे राहिले. चौघं जमलो की हसत सांगायचो. आता तिघंच जमतो, आणि हसणं अर्ध्यातच संपतं.

आम्ही चौघं म्हणजे मी. वडगाव निंबाळकरचा शिरीष, ज्याला लिनक्सचं वेड होतं. बापू, जो स्क्रू-ड्रायव्हर कानावर खोचून जेवायला बसायचा. आणि डाळजचा अशोक. अशोक क्लासमध्ये टायपिंग शिकवायचा. हायवेवर त्याची मोटारसायकल घसरली आणि कमरेखालचं अंग गेलं. हात शाबूत होते, डोकं तर आमच्या तिघांपेक्षा बरं होतं, पण बसायचं नाही, आडवंच राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्ही केळी ठेवली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आम्ही निघालो तेव्हा तो भिंतीलाच म्हणाला, "बघायला येऊ नका. काम घेऊन या."

*

तेव्हा काम घेऊन जायचं ठरलं. पण कॉम्प्युटर टेबलावर, माणूस खाटेवर. आडवं पडून स्क्रीन दिसेना.

बापू म्हणाला, वरून टांगू. आम्ही क्लासमधला मॉनिटर डाळजला नेला आणि आढ्याला नाडा बांधून अशोकच्या छातीवर टांगला. बापूनं दोनदा लोंबकळून नाड्याची खात्रीही करून घेतली. अशोकला स्क्रीन झकास दिसू लागली. तो पहिल्यांदा हसला.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि कपबशा जमिनीवर ठेवून म्हणाली, "पाठ मोडली ती पुरं न्हाय झालं व्हय? आता डोस्कं फोडायला आला?"

मॉनिटर उतरवला. चहा प्यायलो. मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीनं परत निघालो. भिगवणला उतरताना शिरीष एवढंच म्हणाला, "लॅपटॉप लागेल."

*

नवा लॅपटॉप म्हणजे त्या काळी आमच्या अख्ख्या क्लासची किंमत! म्हणून पुण्यात जुना बघायचा आणि त्यात लिनक्स घालायचं, असं ठरलं. विंडोज विकत घ्यावं लागतं, लिनक्स फुकट, आणि जुन्या मशिनवरही चालतं. अशोकचे वडील, आबा, हट्टानं बरोबर आले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढे शेती आली. जुनी वस्तू घेताना आपण हजर पाहिजे, पोरं फसतात, असं त्यांचं म्हणणं.

शिरीष मेमरी बघत होता, बापू झाकणाची बिजागरी हलवून बघत होता. आबा मात्र दुकानदाराच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "चांगलं हाय तर मालकानं इकलं कशापायी?" दुकानदार म्हणाला, कंपनीनं नवे घेतले. आबांनी मान हलवली. "म्हातारं झालं म्हना की."

एक मशिन पसंत पडलं. जड, काळं, कोपऱ्यात टवका उडालेलं, आणि त्याची स्वतःची बॅटरी कधीच मेलेली. पण चार्जर लावला की चालत होतं. ते पिशवीत भरून, चहा पिऊन, आम्ही एसटीनं डाळज गाठलं. पिशवी उघडली तर चार्जर गायब!

आम्ही एकमेकांकडे संशयानं बघायला लागलो. आबा शांतपणे म्हणाले, "ती वायर व्हय? ती मी दुकानदाराला दिली म्हागारी."

"का पण, आबा?"

"दावं इकनाऱ्याकडंच ऱ्हातं. जनावर घ्यावं, दावं घेऊ नये. त्याच्या गोठ्याचं बरं व्हत न्हाय."

दुकानदारानं हसत हसत ठेवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी बापू परत पुण्याला गेला, तोवर त्यानं ती दुसऱ्या कुणाला विकलीही होती. दुसऱ्याच्या गोठ्याची एवढी काळजी करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

*

चार्जर नाही आणि डाळजला विजेचाही भरवसा नाही. बापूनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि वायरी जोडून ते मशिन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवून दाखवलं. आबांनी स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून खाटेखाली ठेवली. पेरणीचे दिवस होते. रोज सकाळी बॅटरी ट्रॅक्टरला, संध्याकाळी अशोकला.

कधी उशीर झाला तर बॅटरी खाटेखालीच राहायची आणि भावकीतली माणसं ट्रॅक्टर ढकलत सुरू करायची. कुणी कुरकुर केली तर आबा म्हणायचे, "ढकला. हातपाय हायत तवर ढकला."

मग कुरकुर थांबायची.

*

आता लिनक्स घालायचं. शिरीषकडे एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती, पण या मशिनला सीडी लावायची सोयच नव्हती. म्हणून त्यानं क्लासमध्ये बसून सगळं फ्लॉपींवर उतरवलं. प्रत्येक फ्लॉपीवर नंबर घातला आणि त्यांचा गठ्ठा आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला. फ्लॉपीला पाणी, ऊन, धूळ काही सोसत नाही, म्हणून भिगवणपर्यंत तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसला.

भिगवणला डाळजची गाडी चुकली. लग्नाचा एक टेम्पो त्याच बाजूला निघाला होता, त्यात बसलो. शिरीषनं गठ्ठा ठेवायला सगळ्यात स्वच्छ, कोरडी, सावलीची जागा शोधली. मंडपवाल्याच्या भल्यामोठ्या स्पीकरवर!

डाळजला पोचून पहिली फ्लॉपी घातली, वाचेना. दुसरी, वाचेना. स्पीकरमधल्या लोहचुंबकानं सगळा गठ्ठा कोरा करून टाकला होता. शिरीष, जो क्लासमध्ये फ्लॉपी लोहचुंबकाजवळ नेऊ नये हे दर बॅचला फळ्यावर लिहायचा, अंगणात जाऊन उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही.

अशोक आतून म्हणाला, "त्याला सांगा, मी कुठं पळून जात न्हाय. सावकाश आन."

*

पुढच्या खेपेला लिनक्स चढलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, ती पण इंग्रजी. त्यावर मराठी उमटत नव्हती. लॅपटॉप बघायला निम्मी आळी आली होती. एक म्हातारी चष्मा पुसून पुसून बघत राहिली आणि म्हणाली, "लाईट गेल्यावानी दिसतंय." तिला चित्रं हवी होती. आम्हालाही हवी होती, पण तेवढी ताकद त्या मशिनमध्ये नव्हती.

अशोकनं मात्र मशिन पोटावर घेतलं आणि टाइप करायला लागला. संध्याकाळी आई सांगत होती, भिंतीकडे तोंड करायचं आज विसरला.

*

इंग्रजीच येतं तर इंग्रजीच लिहू, म्हणून अशोकनं इंदापूर तालुक्यातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज आणि बायोडाटा लिहायला घेतले. फ्लॉपी दूधगाडीनं बारामतीला यायची, आम्ही छापून परत पाठवायचो. कागदाला कायम दुधाचा वास!

कंपनीवाले छंद विचारतात म्हणून अशोक प्रत्येकाच्या बायोडाटात 'वाचन' लिहायचा. एका पोराला मुलाखतीत साहेबानं विचारलं, हल्ली काय वाचलंत? पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "बाहेर बसल्या बसल्या हा बायोडाटा वाचला, साहेब."

त्याला नोकरी लागली. पेढे घेऊन तो अशोककडे आला, खाटेपाशी बसला आणि रडला. अशोकनं त्याला लवकर घालवलं, कारण पुढचा अर्ज राहिला होता. तो त्या दिवसांत इतका कामात असायचा की आम्ही गेलो तरी तोंड वर करून बघायचा नाही. आम्हाला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

*

त्याच्या घरात एक नियम होता. लॅपटॉपचं बटण कुणीही दाबायचं नाही. लिनक्स एकदम बंद केलं तर लिहिलेलं बिघडतं, त्याला आधी सांगून, रीतीनं बंद करावं लागतं. ती रीत घरात फक्त अशोकला येत होती.

उन्हाळ्यात त्याच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या. ताप चढला. बारामतीला न्यायला जीप आली तेव्हा तो एक अर्ज लिहीत होता. मशिन पोटावरून उचलून खाटेवर ठेवलं, तर म्हणाला, "बंद करू नका. आर्धा राह्यलाय, आल्यावर पुरा करतो."

तो आला नाही. दवाखान्यातच गेला. आम्ही तिघंही तिथं होतो आणि आमचा काही उपयोग नव्हता.

दिवस घातल्यावर आम्ही डाळजला गेलो. खाट तिथंच होती. त्याच्या डोक्याच्या जागी समई, आणि मध्ये लॅपटॉप, चालू. अर्धा अर्ज स्क्रीनवर तसाच. बापू खाली वाकला. खाटेखाली दोन बॅटऱ्या होत्या. आबा भावकीतल्या ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्या आणत होते आणि एक काढायच्या आधी दुसरी जोडत होते. मशिन एकदाही बंद पडलं नव्हतं.

"बंद करायची रीत आमाला ठावं न्हाय," आबा म्हणाले. "तुमी करा, मास्तर."

शिरीष खाटेच्या कडेवर बसला. कीबोर्डवर हात ठेवले आणि थांबला. मग हलक्या आवाजात आबांना समजावून सांगायला लागला, की हे मशिन असं एकदम बंद होत नाही. बंद होण्याआधी आत जे कुणी काम करत असेल, त्या प्रत्येकाला ते निरोप देतं, की आवरा आता.

आबा जवळ आले. "आत कोन हाय?"

शिरीषनं who, म्हणजे 'कोण', एवढा एक शब्द टाइप केला; आपलं नाव घालून जो आत शिरलाय, त्याचं नाव मशिन दाखवतं. स्क्रीनवर एकच ओळ आली. त्यानं ती वाचली.

"अशोकच हाय, आबा."

आबांनी शिरीषचा हात धरून कीबोर्डवरून बाजूला केला.

"मग त्याचं काम हुंद्या," ते म्हणाले, आणि नवी बॅटरी आणायला बाहेर गेले.