देविदासभाऊंची पापणी

आर्णीच्या अलीकडे अर्ध्या तासात तिसऱ्यांदा बीप वाजला तेव्हा देविदासभाऊ चिडले.

"मॅडम, मी झोपून राह्यलो का? तुमीच सांगा. आत्ता तुमच्यासंग बोलून राह्यलो ना मी?"

ते खरंच बोलत होते. मी मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. स्क्रीनवर त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यावर लाल पट्टी होती: 'ड्रायव्हर ड्राउझी'. म्हणजे ड्रायव्हरला झोप येते आहे. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि भाऊ मला त्यांच्या नातीच्या बारशाची हकिगत सांगत होते. मी लॅपटॉपवर 'फॉल्स अलर्ट' हे बटण दाबलं. त्या दिवशीचं ते अकरावं.

मी पुण्याच्या एका कंपनीत काम करते. आजकालच्या काही गाड्या मोठ्या रस्त्यावर लेन सांभाळतात, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतात, गरज पडली तर ब्रेक लावतात. पण त्या पूर्ण आपल्या आपण चालत नाहीत. ड्रायव्हरने रस्त्याकडे लक्ष ठेवायचं असतं. गाडी स्वतः चालायला लागली की माणूस हमखास मोबाइल काढतो किंवा पेंगतो. म्हणून स्टीअरिंगच्या मागे एक छोटा कॅमेरा बसवतात. त्याच्याजवळ डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकणारे दिवे असतात, त्यामुळे त्याला अंधारातही दिसतं. वरची आणि खालची पापणी यांत किती अंतर आहे, मिनिटातला किती वेळ डोळे मिटलेले आहेत, नजर कुठे आहे, हे तो सतत मोजतो. काही चुकलं की बीप. तरी लक्ष दिलं नाही तर गाडी हळू होते. आमची टीम या कॅमेऱ्याच्या चाचण्या घेते.

आम्हाला विदर्भातलं ऊन हवं होतं. तोंडाला दुपट्टे बांधलेले, काळे चष्मे लावलेले, घामाने चमकणारे चेहरे हवे होते. माझं माहेर यवतमाळचं. वडील पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यामुळे चाचणीचं काम माझ्याकडे आलं. यवतमाळहून सकाळी निघायचं, आर्णीवरून महागावला जायचं, तिथे जेवायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. रोज.

देविदासभाऊ आमच्या तीन टेस्ट ड्रायव्हरांपैकी एक होते. वय पन्नाशीच्या जरा पुढे. महागावजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे. वीस-बावीस वर्षं ट्रॅव्हल्सची बस चालवलेली, एकही अपघात नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, आपुन नेतो काय आन आनतो काय?" मी सांगितलं, काही नाही, नुसतं जायचं-यायचं. त्यावर ते खूप हसले. "आमचे आजे-पंजे बैलाईवर मीठ वाहत होते. मी रिकामी गाडी वाहून राह्यलो. त्याहिले सांगतलं असतं तर येडाच म्हनले असते मले."

पहिले तीन आठवडे काही अडचण नव्हती. चौथ्यापासून त्यांच्या नावावर खोटे अलर्ट यायला लागले. बाकीच्या दोन ड्रायव्हरांना येत नव्हते. सकाळी शून्य, दुपारनंतर आठ, दहा, अकरा. मी व्हिडिओ तपासले. माणूस जागा. हात स्टीअरिंगवर. प्रश्नाला उत्तर देतोय. फक्त डावी पापणी थोडी खाली. मला वाटलं, दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं, माणूस डोळे बारीक करतो, त्यातलाच हा प्रकार.

पुण्याहून सबनीस सरांचा फोन आला. ते माझे मॅनेजर.

"यवतमाळचा फॉल्स अलर्टचा आकडा बघितलास? शुक्रवारी कस्टमरचा रिव्ह्यू आहे."

"एकाच ड्रायव्हरचे आहेत, सर."

"त्याला झोप येते का?"

"नाही. मी स्वतः गाडीत असते."

"मग त्याचा बेसलाइन नीट घे. काही लोकांचे डोळेच बारीक असतात."

बेसलाइन म्हणजे त्या माणसाचा डोळा नेहमी किती उघडा असतो त्याचं माप. प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून सिस्टिम ते सुरुवातीला शिकून घेते. भाऊंचं माप सकाळी घेतलेलं होतं. मी ते दुपारच्या व्हिडिओंवरून पुन्हा घेतलं. म्हणजे अर्धी उतरलेली पापणी हाच त्यांचा उघडा डोळा, असं मी मशीनला शिकवलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी एकही बीप झाला नाही. शुक्रवारचा रिव्ह्यू चांगला गेला. सरांनी ग्रुपवर माझं कौतुक केलं.

या दिवसांत मी आणखी काही गोष्टी पाहत होते, पण त्यांचा एकमेकींशी संबंध लावत नव्हते. महागावच्या ढाब्यावर भाऊ भाकरी सोडून वरणभात घ्यायला लागले. "दात दुखते," म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांचं बोलणं कमी झालं आणि आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा. कधी कधी ते गाडी चालवताना डावा डोळा मिटून घ्यायचे. आमच्या डेटात त्याला 'विंक' म्हणतात. डोळा मारणे. मी तसंच लेबल लावलं. एकदा विचारलं तर म्हणाले, "ऊन लागते."

मग तो बुधवार आला. कापूस वेचणीचे दिवस होते, रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर खूप. आम्ही परत येत होतो. गाडी स्वतःची लेन धरून चालली होती. पुढे डाव्या कडेने एक ट्रॅक्टर होता, बऱ्यापैकी लांब. अचानक भाऊंनी स्टीअरिंग उजवीकडे जोरात ओढलं. अशा वेळी गाडी माणसाचं ऐकते, तसंच तिला शिकवलेलं असतं. उजवी चाकं डिव्हायडरला घासली, मोठा आवाज झाला, माझा लॅपटॉप खाली पडला. भाऊंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. मागून कोणी येत नव्हतं, एवढं आमचं नशीब.

दोघांनाही काही लागलं नव्हतं. भाऊ स्टीअरिंग धरून तसेच बसून होते.

"काय झालं, भाऊ?"

"दोन ट्रॅक्टर दिसले मले."

"एकच होता."

"ठाव हाय. एकच असन. पन खरा कोनता, ते नाही समजलं."

मी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे स्क्रीनवरून न बघता समोरासमोर बघितलं. डावी पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत आली होती. ते हनुवटी वर करून तिच्याखालून माझ्याकडे बघत होते.

"किती दिवसांपासून?"

"महिना-सव्वा महिना. सकाळी बराबर राह्यते. दुपारी उतरते. मंग एकाचे दोन दिसते."

"काहून नाही सांगितलं?" मी एकदम घरच्या बोलीत बोलले.

"सांगतलं असतं तर तुमी गाडीवरून उतरवलं असतं. आन मशीन तर सांगून राह्यली होती ना, मॅडम. मले भेव वाटे तिचं. मंग तुमी तिले गप केलं. मले वाटलं, इंजिनेर मॅडम म्हनते खोटं हाय, म्हंजे खोटंच असन."

गाडी मी चालवत यवतमाळला आणली. सिस्टिम बंद ठेवून.

त्या संध्याकाळी मी सात आठवड्यांचा डेटा काढला. त्यांच्या पापणीचं अंतर, तासागणिक. साधा आलेख. सकाळी रेघ वर, दुपारी खाली, ढाब्यावरच्या विश्रांतीनंतर जराशी वर, पुन्हा खाली. आणि दर आठवड्याला थोडी अजून खाली. कोणालाही समजला असता असा तो आलेख होता. तो काढायचं मला आधी सुचलं नव्हतं, कारण मी फक्त अलर्ट मोजत होते.

सबनीस सरांना मी सगळं लिहून कळवलं. बेसलाइन मी बदलला हेही. त्यांचा फोन आला.

"हे मेडिकल आहे गं. आपल्या सिस्टिमची चूक नाही."

"सिस्टिमने पकडलं होतं, सर. मी पुसलं."

ते म्हणाले, "मी सांगितलं म्हणून पुसलंस. रिपोर्टमध्ये तसं लिही." हे त्यांचं मोठेपण. मी तसं लिहिलं.

नागपूरच्या डॉक्टरांकडे भाऊंना मीच घेऊन गेले. आजाराचं नाव मायस्थेनिया. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. वापरला की स्नायू थकतो, विश्रांती दिली की थोडा सावरतो. पापणी, नजर, चावणं, गिळणं, आवाज. पुढे श्वासाचे स्नायूही. डॉक्टरांनी माझा आलेख दोनदा बघितला. "असा रेकॉर्ड पेशंटकडे कधीच नसतो," ते म्हणाले. मी विचारलं, महिनाभर आधी आणला असता तर? त्यांनी खांदे उडवले. "सांगता येत नाही. आधी आलेलं चांगलंच असतं."

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. आवाज मोकळा होता. "मॅडम, भाकर खाल्ली आज. आन बायको एकच दिसून राह्यली."

आम्ही दोघंही हसलो. गाडी मात्र आता नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कंपनीने त्यांना यवतमाळच्या आमच्या शेडमध्ये गाड्यांच्या देखरेखीचं काम दिलं. ते येऊन बसायचे, काचा पुसायचे. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र बसत नसत. काच पुसायलाही दार उघडून बाहेरूनच हात घालायचे.

थंडीत त्यांना छातीचा संसर्ग झाला. या आजारात तोच घात करतो. दोन दिवस घरीच अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास पुरेना म्हणून यवतमाळला आणलं, व्हेंटिलेटर लावला. पाचव्या दिवशी ते गेले.

मी आठवड्याने तांड्यावर गेले. शांताबाई, त्यांच्या पत्नी, ओसरीत बसल्या होत्या. मला पाणी दिलं. मग सरळ विचारलं, "ताई, तुमच्या कॅमेऱ्याले दिसलं होतं म्हनते. खरं हाय का?"

"हो," मी म्हणाले.

"मंग?"

"मला वाटलं कॅमेरा चुकतोय. मी तो बंद केल्यासारखाच केला."

त्यांनी नजर अंगणाकडे वळवली. मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"घरी बी दिसत होतं वो," त्या म्हणाल्या. "रोज सांजच्याले हातानं पापनी वर धरून जेवत होते. मी म्हटलं दवाखान्यात चाला, तं म्हने कोनाले सांगू नको, गाडी जाईन. मी बी नाही सांगतलं. कोनाले सांगू मी?"

मग त्या रडल्या. मीही रडले. आत त्यांची सून बाळाला निजवत होती, तिने दार हळूच ओढून घेतलं.

आमच्या टीममध्ये आता नियम आहे. एकाच ड्रायव्हरला तीन दिवस खोटे वाटणारे अलर्ट आले तर बेसलाइनला हात लावायचा नाही, आधी त्याची तपासणी करायची. आणि तपासणीत काही निघालं तरी त्याचा पगार सुरू राहील, हे त्याला पहिल्याच दिवशी लेखी द्यायचं. नियमाचा हा दुसरा भाग मंजूर व्हायला पहिल्या भागापेक्षा चौपट वेळ लागला. तो नसता तर पहिल्याचा काही उपयोग नव्हता.

नवीन इंजिनिअर आले की मी त्यांना एवढंच सांगते. मशीन म्हणतं डोळे मिटताहेत, माणूस म्हणतो मला झोप नाही. अशा वेळी दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते शोधायची घाई करू नका. दोघंही खरं बोलत असू शकतात.