काट्यानं दाखवलेलं शिखर

स्पितीच्या एका आडबाजूच्या दरीत ते शिखर आहे. नकाशात त्याला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा. आमच्या आधी एक परदेशी आणि एक बंगाली तुकडी तिथून हात हलवत परतली होती. मग सोलापूरच्या उन्हात वाढलेले आम्ही दोघे मित्र गेलो. मोहिमेचा नेता माझा मित्र. पहिली चढाई आमची, असं नोंदीत लिहिलंय. ती नोंद खोटी आहे.

त्या दिवशी दाट धुकं होतं. मित्राच्या मनगटावर हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक होता. हवा बिघडून दाब उतरला की त्याचा काटा जास्तीची उंची दाखवतो, हे आम्हाला पाठ होतं. पण दमलेल्या माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं. काटा नकाशातल्या आकड्यावर आला आणि आम्ही एकमेकांना मिठी मारली. तेवढ्यात धुकं फाटलं. डोंगरधारेच्या पलीकडं खरं टोक उभं होतं. फार तर दोन तासांची वाट.

"काटा बघितलास की," मित्र म्हणाला. "झालं. फोटो काढ."

मी चडफडलो, पण काढला. परतल्यावर स्टेशनवर हलगी वाजली. सत्कारात चादरी एवढ्या मिळाल्या की पाहुण्यांना वाटूनही उरल्या. मित्र भाषणं ठोकायचा, मी शेजारी मान डोलवायचो. मला त्याचा भयंकर राग यायचा. याच्यामुळं मी खोट्यात अडकलो, असं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो.

मागच्या वर्षी मित्र गेला. परवा त्याची मुलगी घरी आली. तीही चढते, बापापेक्षा चांगली. यंदा तिला त्याच शिखरावर जायचंय. तिनं मोबाईलवर तो फोटो मोठा करून माझ्यापुढं धरला.

"काका, कोपऱ्यात हे उंच काय दिसतंय?"

"ढग."

"तुम्ही टोकावर होता की नव्हता?"

"होतो की! तुझा बाप काय खोटं बोलला का?" मी आवाजही चढवला.

तिनं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाली, "बाबांनी दवाखान्यात मला सगळं सांगितलंय. नोंद दुरुस्त करायच्या पत्रावर सहीपण केली. तुमची तेवढी पाहिजे होती."

पत्र तिनं पिशवीतून काढलंच नाही. चहा तसाच ठेवून गेली. ज्याच्या नावानं मी इतकी वर्षं बोटं मोडली, तो खरं बोलून गेला. खोटं बोलणारा आता मी एकटाच उरलो.