केळकर काकांचं मॅग्नम

“मुंगी मारायची म्हटलं तरी ह्यांचा हात उचलत नाही, आणि खाली बसून अस्वलासाठी काडतुसं भरतायत,” काकू फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. “नाही गं, चिडले नाहीये. चाळीस वर्षं झाली लग्नाला, आता काय चिडायचं!”

मी बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शिकण्यासाठी अमेरिकेत, ॲन आर्बरला पोचून मला जेमतेम दोन तास झाले होते. केळकर काका बाबांचे कॉलेजातले मित्र. “होस्टेल मिळेपर्यंत पोर आमच्याकडे राहील,” असं त्यांनी बाबांना कळवलं होतं, आणि मग होस्टेल मिळूनही मी दोन वर्षं त्यांच्याच घरी राहिले. काकूंनी मला बघून फोनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जा, खाली आहेत ते. जिन्यावरून मोठ्यानं हाक मार. एकदम मागे जाऊन उभी राहू नकोस.”

मोठ्यानं हाक मारणं मला जमणारं नव्हतं. मी तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. खाली बेसमेंटमध्ये एक बारीक, टक्कल पडलेला माणूस स्वेटरच्या बाह्या वर सारून एका छोट्या तराजूवर काळी पावडर चिमटीनं सोडत होता. काटा स्थिरावेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरलेला असायचा. मग पावडर एका लांब पितळी नळीत उतरवायची, नळी लाकडी ठोकळ्यातल्या खाचेत उभी करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं वीस वेळा झालं. मान वर न करता ते म्हणाले, “गौरी ना? हाक मारली नाहीस हे चांगलं केलंस. बस तिथेच.”

काका मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमापाच्या विभागात होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. आमच्या भागातले सात-आठ शिकारी काडतुसांची वापरलेली पितळी टोपणं, म्हणजे त्याच नळ्या, त्यांच्याकडे आणून द्यायचे. काका ती साफ करून, मापाला आणून, नवी पावडर आणि नवी गोळी बसवून परत द्यायचे. “घाई असेल त्यानं दुकानातली विकत घ्यावी,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं त्याहून ठाम: “मोजल्याशिवाय विश्वास नाही, आणि मोजल्यावर शंका नाही.” हे ते पावडरबद्दल म्हणायचे, काकूंच्या चहातल्या साखरेबद्दल म्हणायचे, एकदा तर महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुकीबद्दलही म्हणाले होते.

सगळ्या काडतुसांत त्यांचा जीव होता तो तीनशे पंच्याहत्तर मॅग्नमवर. पहिल्या महायुद्धाच्या आधी विलायतेत निघालेलं हे काडतूस हरणापासून हत्तीपर्यंत सगळ्याला चालतं, असं ते मला सांगत. पण त्यांचं प्रेम त्याच्या ताकदीवर नव्हतं. काकांचे वडील एका लहानशा संस्थानाच्या शिकारखान्यात कारकून होते. राजाचे पाहुणे वाघ मारायला यायचे तेव्हा विलायतेहून बंद डब्यांतून आलेली हीच काडतुसं ते एकेक पुसून, निरखून बाहेर काढायचे. “वडिलांनी जन्मात कधी बंदूक उडवली नाही,” काका सांगायचे. “संध्याकाळी घरी येऊन अंघोळ केल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. पण राजाच्या हातातलं काडतूस दगा देणार नाही, ही जबाबदारी त्यांची. वाघ अंगावर आल्यावर कारकुनाला कोण विचारतं? पण दगा झाला असता तर पहिलं नाव त्याचंच.”

एकदा त्यांनी रिकामं टोपण माझ्या तळहातावर ठेवलं. बुडाजवळ त्याला एक उंच कडं होतं. “हा त्याचा कंबरपट्टा,” ते म्हणाले. “ह्याचे खांदे असे उतरते आहेत की बंदुकीच्या नळीत ते नेमकं कुठे अडायचं ते खांद्यावर ठरत नाही. म्हणून पट्टा. बरोबर? मग ह्याच्या पोटी बाकीची मॅग्नम जन्माला आली. त्यांचे खांदे चांगले रुंद. त्यांना पट्ट्याची गरज नाही. तरी सगळ्यांनी पट्टा बांधला! का? तर आजोबांच्या कमरेला होता म्हणून.”

वरून काकूंचा आवाज आला, “आणि तुम्ही अमेरिकेत बसून ताटाभोवती चित्राहुती घालता, ते का?”

“तेच सांगतोय तिला,” काका ओरडले, आणि पोट धरून हसले.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात दिवाळीची साफसफाई निघाली. काकूंनी मला बेसमेंटची एक बाजू दिली. “फळीवरची गर्दी जरा कमी कर, धूळ पूस. ह्यांच्या तराजूला हात लावू नकोस, बाकी बघ.” फळीवर पावडरचे दोन डबे होते, दोन्ही अर्धेमुर्धे, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. फक्त आकडे वेगळे. आमच्या घरी आई दिवाळीआधी हेच करायची: रव्याचे दोन अर्धे डबे दिसले की एकात ओतायचे, रिकामा घासून पालथा घालायचा. आकडे मी वाचले. जाड रवा, बारीक रवा, तसं काहीतरी असेल असं वाटलं. मी एक डबा दुसऱ्यात ओतला, नीट हलवून घेतला, रिकामा कचऱ्यात टाकला, आणि फळी पुसली. काकू म्हणाल्या, “किती छान दिसतंय बघ!”

पुढच्या आठवड्यात वॉल्टरची वीस काडतुसं भरायची होती. वॉल्टर म्हणजे आमच्यापासून दोन मैलांवर राहणारा सुतार, साठीचा, कमी बोलणारा, काकांना ‘केल’ म्हणणारा. तो वडिलांची जुनी रायफल घेऊन अलास्काला अस्वलाच्या शिकारीला निघाला होता. गुरुवारी तो डबी घेऊन गेला. त्या संध्याकाळी जेवताना काका खुशीत होते. “पावडर संपत आली असेल म्हणून नवी आणणार होतो, तर डबा चांगला भरलेला निघाला.”

मला डब्यांवरचे ते दोन आकडे आठवले. मी विचारलं, अगदी हळू, “काका, तुम्ही टेबलावर नेहमी एकच डबा का ठेवता?”

“शाब्बास, हा खरा प्रश्न!” ते म्हणाले. “एक पावडर सावकाश जळते, एक झटकन. मॅग्नमला सावकाश जळणारी लागते. त्यात झटक्याची मिसळली तर गोळी पुढे जायच्या आत बंदूक मागे फुटते. डोळा जातो, हात जातो. नशीब वाईट असेल तर माणूस जातो. म्हणून एका वेळी एकच डबा.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. काकू मला आमटी वाढत होत्या, काका माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि मी भात कालवत राहिले. शाळेतही उत्तर येत असून मी हात वर करायची नाही. पण तिथे कुणाचा डोळा जाणार नव्हता. पहाटे उठून मी चार ओळी लिहिल्या, इंग्रजीत, कारण मराठीत लिहिण्याइतकी हिंमत नव्हती. कागद त्यांच्या तराजूखाली ठेवला आणि जिन्यावर बसून राहिले.

काका नाश्त्यानंतर खाली आले. कागद त्यांनी नाकाजवळ नेला, मग भिंग काढलं. ते भिंग मी कितीदा बघितलं होतं. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. वाचून झाल्यावर त्यांनी डबा उघडला, पावडर चिमटीत घेऊन चोळली. “बोटांना निराळी लागली होती,” ते स्वतःशीच म्हणाले. “मला वाटलं, बोटंही म्हातारी झाली.”

त्यांनी वॉल्टरला फोन लावला. कुणी उचलला नाही. रायफलचा नेम तपासायला तो त्याच दिवशी रेंजवर जाणार होता. “कोट घाल,” काका मला म्हणाले. “गाडीत बस.”

तो रस्ता मी विसरणार नाही. पहिल्याच सिग्नलला त्यांनी विचारलं, “लाल आहे का गं?” मी हो म्हटलं. “सुटला की सांग.” दोन मैल आम्ही असे गेलो. मोतीबिंदू आहे हे त्यांना वर्षभर ठाऊक होतं. त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “काका, मी सांगते त्यांना. मीच केलंय ते.” ते समोर बघत म्हणाले, “ज्याच्या टेबलावर, त्याच्या माथी. तू काही बोलायचं नाहीस.”

वॉल्टर अंगणात रायफल ट्रकमध्ये ठेवत होता. काका गाडीतून उतरून सरळ त्याच्यापुढे गेले. “वॉल्टर, ती डबी परत दे. मी पावडर चुकीची घातली. माझी चूक.” वॉल्टरनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या मागे, एका पावलावर उभी होते. ट्रकमधून डबी काढून त्यानं काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, “केल, डोळे तपासून घे.” एवढंच. मी खाली मान घालून त्याच्या बुटांवरचा लाकडाचा भुसा बघत राहिले.

घरी येऊन काकांनी वीसही काडतुसं खोलली आणि सगळी पावडर मागच्या अंगणात थोडी थोडी करून जाळून टाकली. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे कुणी टोपणं घेऊन आलं नाही. केलचे डोळे गेले, केलनं वॉल्टरला मारलंच असतं, हे शिकाऱ्यांत सगळीकडे झालं होतं. पुढे ऑपरेशन झालं, त्यांना पुन्हा नीट दिसायला लागलं, तरी कुणी आलं नाही. ते रोज खाली जायचे, तराजू पुसायचे, वर यायचे. काकू विचारायच्या, “अहो, तुमचे शिकारी कुठे गेले?” काका म्हणायचे, “अस्वलं शहाणी झाली.” काकू हसायच्या. मी हसत नसे. मी एकदा परत विषय काढला, तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. “तुझ्या बापाला मी सांगितलंय, पोर माझ्या घरी आहे. घरी आहे म्हणजे काय, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही.”

मग मला शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी लागली. निघताना मी वाकले, तर त्यांनी मध्येच उठवलं आणि म्हणाले, “फोन करत जा. आणि फोनवर जरा मोठ्यानं बोल.”

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत ते गेले. हृदय अचानक थांबलं. मी बर्फातून पाच तास गाडी चालवत पोचले. फ्युनरल होममध्ये मंडळातली तीस-चाळीस माणसं होती, कंपनीतली काही होती, आणि शेवटच्या रांगेत टोपी हातात घेऊन वॉल्टर. मंडळाचे अध्यक्ष बोलले, काकांच्या जुन्या साहेबांनी दोन शब्द सांगितले. मग वॉल्टर उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, हे दिसत होतं.

“केल फार काटेकोर होता,” तो म्हणाला. “शेवटी डोळ्यांनी दगा दिला, आणि एकदा त्याच्या हातून मोठी चूक झाली. माझा जीव गेला असता. पण तो स्वतः सांगायला आला. असं कुणी येत नाही. मला एवढंच सांगायचं होतं.”

लोकांनी माना डोलावल्या. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी चमकून मागे वळून बघितलं. त्या चुकीबद्दल त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. वॉल्टर चांगलंच बोलला होता. त्याच्या मनात काकांबद्दल आदर होता. आणि आता त्या खोलीतला प्रत्येक जण काकांची एक चूक घेऊन घरी जाणार होता.

गप्प राहा असं सांगणारा माणूस पुढे फुलांत झोपला होता. मी उठले. माझी खुर्ची खरकन मागे सरकली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. वॉल्टरला कळावं म्हणून मी इंग्रजीत बोलले, आणि माझ्या कानांना परका वाटावा इतक्या मोठ्यानं:

“ती चूक काकांची नव्हती. त्या दोन डब्यांतली पावडर मी एकत्र केली होती, आणि ते तुमच्याशी बोलत होते तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते.”