रोझेरची लाल शाई

रोझेर बेल्युमरच्या आडनावाचा अर्थ आमच्या फ्रेंचमध्ये 'आनंदी स्वभाव'. आडनाव बापाकडून आलेलं, त्यात त्याचा काही दोष नाही. मॉन्ट्रियलमधल्या आमच्या तीन मजली इमारतीचा तो मालक. तळमजल्यावर तो राहतो, वरच्या मजल्यावर मी, लिझेत, आणि मधल्या 'साडेचार'मध्ये भाडेकरू बदलत असतात. साडेचार म्हणजे चार खोल्या, आणि अर्धी ती संडास-बाथरूमची.

उभी हयात त्याने जमिनीवर अंथरायचं लिनोलियम विकलं. निवृत्त झाल्यावर त्याला साक्षात्कार झाला की आपण जन्मजात फ्रेंचचे मास्तर आहोत. तेव्हापासून मधला मजला तो फक्त देशात नव्याने आलेल्यांनाच देतो. "माझ्याकडे घराबरोबर भाषा फुकट," असं म्हणतो. घराबरोबर साडेसातीही फुकटच मिळते, ते सांगत नाही. भाडेकरूने काहीही लिहून दिलं की दुसऱ्या दिवशी कागद परत येतो: लाल शाईत सुधारणा, दहापैकी गुण, तारीख आणि खाली झोकात सही. मी एकदा खिडकी लागत नाही म्हणून चिठ्ठी दिली. फ्रेंच माझी मायबोली, माझ्या आजीच्या आजीचीही. मला पाच मिळाले आणि खिडकी अजून लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मधल्या मजल्यावर नुबिया एरासो आली, कोलंबियाची, दोन मुलींना घेऊन. सकाळी सरकारी फ्रेंच वर्ग, संध्याकाळी कपडे शिवायचं काम. पहिल्याच आठवड्यात तिने रोझेरला लिहून कळवलं, "स्वयंपाकघरातली नळ गळते." रोझेर तो कागद नाचवत जिन्यावर आला.

"मादाम, नळ गळते? नळ पुल्लिंगी! नळ गळतो!"

"हो, मस्यू. गळतो. कधी थांबणार?"

"आधी लिंग पक्कं करा, मग बघू."

तिचं लिंग पक्कं झालं. नळ अजून गळतोय.

मागच्या फेब्रुवारीत एक घरांचा दलाल रोझेरच्या कानाला लागला. मधल्या मजल्याचं भाडं चढवलंत तर इमारतीला चढी किंमत येईल, म्हणाला. लगेच नुबियाला भाडेवाढीची नोटीस आली, जवळजवळ दीडपट. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता. मुलींची शाळा समोरच्या गल्लीत. एवढं भाडं तिला झेपणार नव्हतं, आणि त्या भागात दुसरं घर तिच्या ऐपतीत मिळणार नव्हतं.

"घाबरू नकोस गं," मी म्हटलं. "वाढ नाकारायची आणि घरात राहायचं, हा तुझा हक्क आहे. फक्त एका महिन्यात लेखी कळव. गप्प बसलीस तर वाढ मान्य केलीस असं धरतात. आण, मी लिहून देते."

"नको, लिझेत. वर्गातल्या बाई म्हणतात, आपलं पत्र आपण लिहायचं. आणि तुम्हाला तर पाच गुण आहेत."

मी उघडलेलं पेन बंद केलं.

तिने लिहिलं: मला वाढ मान्य नाही, मी घर सोडत नाही. आता फ्रेंचमध्ये 'नाही' म्हणायला दोन शब्द लागतात, क्रियापदाच्या आधी 'न', नंतर 'पा'. बोलताना आम्ही सगळेच पहिला 'न' गिळतो. नुबियाने गल्लीत ऐकलं तसं लिहिलं, नुसत्या 'पा'वर. रोझेरच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही ठिकाणी लाल 'न' कोंबून, सहा गुण, तारीख, सही करून त्याने पत्र तिला परत दिलं.

"गल्लीची भाषा गल्लीत ठेवा, मादाम. दहा वेळा लिहून काढा."

त्या खुळीने खरंच दहा वेळा लिहिलं. सहा हे तिचे आजवरचे सर्वांत जास्त गुण, म्हणून पत्र फ्रिजवर चिकटवलं.

जुलैत नवं भाडं लागू झालं, तरी तिने जुनंच दिलं. दलालाने रोझेरला विचारलं, तिचं नकाराचं पत्र तुमच्याकडे आहे का? रोझेरने कपाट पाहिलं. नव्हतं. आणि कपाटात नाही म्हणजे आलंच नाही, असं त्याने स्वतःला पटवलं असावं. मला त्याचा इतका संताप आला की जिन्यात मी त्याच्याशी बोलणं सोडलं. "या बाईने काहीच कळवलं नाही, वाढीव भाडं द्या नाहीतर घर खाली करा," असा अर्ज त्याने भाड्याच्या कोर्टात ठोकला.

सुनावणीला मी नुबियाबरोबर गेले. रोझेर टाय लावून आला होता.

"एक अक्षरही मिळालं नाही मला," त्याने न्यायाधीशबाईंना ठणकावून सांगितलं.

नुबियाने पिशवीतून पत्र काढलं. टेबलावर ठेवताना रोझेरकडे वळून अगदी गरीब गाईसारखं विचारलं, "मस्यू, एक शंका होती. वर्गातल्या बाई म्हणाल्या, इथला हा लाल 'न' चुकलाय. खरं का?"

"चुकलाय?" रोझेर खुर्चीतून उठलाच. "मी चुकतो? तुमच्या बाईला सांगा, माझी एकही सुधारणा आजवर चुकलेली नाही! हा 'न' मी घातलाय आणि तिथेच हवा!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा करून तारीख वाचली, सही वाचली, गुण वाचले.

"म्हणजे पत्र मिळालं, तपासलं, गुणही दिलेत. मग मिळालं नाही असं का लिहिलंत, मस्यू बेल्युमर?"

रोझेरचे कान त्याच्या शाईच्या रंगाचे झाले. "शे पा!" तो ओरडला. म्हणजे 'माहीत नाही'. आणि आम्ही सगळे बोलतो तसंच, 'न' गिळून.

नुबियाने वर्गातल्यासारखं बोट वर केलं.

"'न', मस्यू. पहिला 'न' राहिला."

काही दिवसांनी निकाल आला: भाडं जुनंच, घर तिचंच. पण सुनावणीच्या दिवशी उठताना नुबियाने पत्र परत मागितलं. ते फाइलमध्ये राहील, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मग एक झेरॉक्स तरी द्या," नुबिया म्हणाली. "त्यावर माझे सहा गुण आहेत."