बंगाली चार

बाबांना धूमकेतूंचं वेड होतं, पण तेही निवडक. शेपूट मिरवत सूर्याकडे धावणारे त्यांना उथळ वाटत. त्यांचा लाडका एकच: गुरूच्या पलीकडे जवळजवळ गोल कक्षेत फिरणारा, सूर्याजवळ कधीच न येणारा, एका फेरीला सोळा वर्षं घेणारा. मीही तेव्हा सोळाचीच होते. बाबांच्या बदलीपायी आम्ही बालीगंजला येऊन पडलो होतो आणि मी बंगाली शाळेत शिकत होते.

बाबा एस्प्लनेडच्या कचेरीतून आले की चहा उरकून आम्ही लॉगॅरिथमची कोष्टकं घेऊन बसायचो. पुढल्या वर्षी तो धूमकेतू आकाशात नेमका कुठे असेल, ते काढायचं होतं. आकडेमोड माझी, स्वच्छ प्रत बाबांची. "गणित बरोबर आलं तर तुला कॉलेजात घालतो," असं ते म्हणाले होते. मी महिनाभर मान वर केली नाही.

प्रत त्यांनी ओळखीच्या एका प्राध्यापकांना पाठवली. उत्तर आलं: धूमकेतू भलतीकडेच निघालाय, आकडेमोड तपासा.

"नाक कापलंस माझं," बाबा म्हणाले. "गणित तुझ्या आवाक्यातलं नाही, पोरी."

"बाबा, वही एकदा बघू द्या ना."

"काही नको."

वही कपाटात गेली. कॉलेजचं नाव पुन्हा निघालं नाही. सहा महिन्यांत माझं लग्न झालं. पुढे मुलांचे पाढे घेतानासुद्धा मी प्रत्येक उत्तर दोनदा तपासायची.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना ती वही सापडली. ओळन् ओळ बरोबर होती. फक्त एका ठिकाणी दमलेल्या हातानं शाळेतला बंगाली चार लिहिला होता. तो इंग्रजी आठासारखाच दिसतो, आणि बाबांनी प्रतीत आठ उतरवला असणार. मला हसूच आलं. म्हटलं, चूक दोघांची, सोडून द्यावं.

मग समासात लाल पेन्सिलीनं लिहिलेलं बाबांचं अक्षर दिसलं: "हा बंगाली चार. मुलीचं गणित बरोबर." पानाला प्राध्यापकांचं पत्र टाचलेलं होतं, दुरुस्ती मिळाली म्हणून त्यांनी बाबांचे आभार मानले होते. धूमकेतूची कक्षा बाबांनी सुधारली होती. माझा मात्र केसानं गळा कापला.

समासातली तारीख माझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवसाची होती. साखरपुड्याला पेढे मिळाले नाहीत म्हणून बाबांनी बंगाली संदेश आणले होते. पहिला माझ्या तोंडात घालून म्हणाले, "ते गणित-बिणित आता विसर."