दोरीचं दुसरं टोक

औंधच्या यमाईचा डोंगर जिथून पाठमोरा दिसतो, त्या गावात नाथाजी हवालदार लढाईवरून परतला तो सेहेचाळीस साली. बरोबर एक ट्रंक, दोन कांबळी आणि एक खूळ. ते खूळ त्याला मिसर देशात पलटणीच्या कारखान्यात लागलं होतं. तिथं एक म्हातारा मिस्त्री लेथवर हत्यारांच्या मुठी कातायचा. लाकूड गरगर फिरायचं, मिस्त्री पटाशी टेकवायचा आणि वेड्यावाकड्या फांदीला हळूहळू गोलाई यायची. लेक गेल्याची बातमी नाथाजीला त्याच कारखान्यात कळली, तीही बऱ्याच उशिरा. तो रडला नाही. काम सुटल्यावर मिस्त्रीसमोर जाऊन बसला आणि रोज बसत राहिला.

शाली त्याची एकुलती एक. त्याची बायको साळूबाई नागपंचमीला शिराळ्याला माहेरी गेली होती. तिथंच पोरीला ताप भरला आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. नाथाजीला एवढंच ठाऊक. परत आल्यावर त्यानं विचारलं नाही, साळूबाईनं सांगितलं नाही. पहिल्या जेवणाला तिनं भाकरी वाढली आणि विचारलं, "तिकडं गहू व्हता का जवारी?" तो म्हणाला, "गहू." पोरीचं नाव घरात वापरात नसलेल्या आडासारखं राहिलं. दोघंही त्याला वळसा घालून चालत.

शेत भावाच्या हाताखाली होतं. नाथाजीला रिकाम्या हातांनी बसवत नसे. म्हणून त्यानं ठरवलं, आपणही लाकूड कातायचं. विकायला नाही, उगीच. गावाला हे कळलं तेव्हा पारावर हसू उसळलं.

"हवालदार, बंदूक धरल्याल्या हातानं आता लाटणी करनार व्हय?"

"करीन की. तुझ्या पाठीवर मोडाया तुझ्या बायकूला लागंलच येक!"

साळूबाईची थोरली बहीण बनुबाई सांगलीला दिली होती. तिला भेटायचं निमित्त करून दोघं निघाली. सांगलीत हुसेन नावाचा जुना कातारी होता. त्याच्याकडे विकायला दोन लेथ होते. तो त्यांना खराद म्हणायचा. एक पायानं चालवायचा: लोखंडी चाक, खाली पाय मारायची पावटी, एकट्या माणसाचं काम. दुसरा दोरीचा. जमिनीलगत दोन खुंट, त्यांच्यामध्ये लाकूड, लाकडाला दोरीचे दोन वेढे. एकानं दोरीची दोन टोकं धरून आलटून पालटून ओढायची, समोर बसलेल्यानं पटाशी लावायची. हुसेनची दोरी त्याची बायको सुगराबी ओढत होती.

"वढ गं नीट! झोपलीस का?"

"झोपले असते तर तुमचं बोट कवाच गेलं असतं," सुगराबी म्हणाली. दोरी मात्र थांबली नाही.

साळूबाई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आवं, हे तर ताक घुसळल्यागत हाय."

"मग बसा की बाई. बघा हात लावून." सुगराबी बाजूला सरली.

साळूबाई बसली. नाथाजी पटाशी घेऊन समोर बसला. तिच्या हातांना काही शिकवावं लागलंच नाही. डेऱ्यातली रवी फिरावी तसं बाभळीचं लाकूड सुरात फिरू लागलं.

"वा!" हुसेन म्हणाला. "आमच्या बेगमला अजून हा ताल जमला न्हाई."

"मग यांनाच ठेवा. मी निजते."

साळूबाई हसली. कितीतरी वर्षांनी नाथाजीला तिचे दात दिसले. ती दोरीकडे बघत होती, तो पटाशीकडे. हात गुंतले, नजरेला नजर द्यायची गरज राहिली नाही, आणि तिचा आवाज आपसूक सुटा झाला.

"शाली बी धरायची दोरी. ताकाच्या येळंला. माझ्या हातातलं येक टोक मागून घ्यायची... आवं, त्या पंचमीला मी तिला—"

पटाशी लाकडात रुतली. नाथाजी उठला. कानांत नुसती घरघर.

"हुसेनभाई, ते पायाचं दावा."

"पायाचा एकट्याचा असतो, हवालदार. शिकणाऱ्यानं पहिला दोरीचाच घ्यावा. हात चुकला की समोरचं माणूस दोरी धरतं. चाक कुणाचं ऐकत न्हाई."

"नगं. तिला कशाला तरास? येकट्याचंच बरं."

साळूबाईनं दोरी सोडली. टाकली नाही, नीट गुंडाळून खुंटाशी ठेवली.

पायाचा लेथ गोठ्याच्या भिंतीला लागला. चालवणाऱ्याची पाठ घराकडे. नाथाजीनं लाटणी केली, भोवरे केले, खाटेचे पाय केले. साळूबाईला शिसवाची रवी करून दिली. ती दारात यायची, चुलीसाठी कीस गोळा करायची.

"काय धरू का?"

"नगं. चालतंय."

ती थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. आपण बायकोला कष्ट पडू देत नाही, याचं नाथाजीला समाधान वाटे.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात साळूबाई डेऱ्यापाशीच कलंडली. उजवं अंग गेलं. वाचा गेली. सांगलीहून बनुबाई आली, बहिणीचं तोंड पुसता पुसता बोलून गेली, "बोलली असती तर हलकी झाली असती वो."

"काय बोलली असती?"

"दाजी, तुमाला न्हाई सांगितलं?" बनुबाई थबकली. "पंचमीला आपल्यात चिरत न्हाईत, कापत न्हाईत. पोर तापानं फणफणल्याली, काकडी मागाय लागली. हिनं चिरली. दुसऱ्या दिशी पोर गेली. तवापासनं मनाला लावून बसलीया. आईला सांगितलं, मला सांगितलं. म्हनायची, त्यांस्नी सांगून पाय धरल्याबिगर सुटका न्हाई."

नाथाजी गोठ्यात गेला आणि चाकावर हात ठेवून उभा राहिला. चाक थंड होतं.

काही दिवसांनी त्यानं पायाचा लेथ गाडीत घातला आणि सांगलीला नेला. हुसेननं तो ठेवून घेतला. दोरीचा लेथ काढून दिला. एका हातानं ओढायचं आहे म्हटल्यावर म्हणाला, "वर येक लवचिक बांबू बांधा. येक टोक बांबूला, येक बाईंच्या हातात. त्या वढतील, बांबू माघारी नेईल."

नाथाजीनं सोप्यात खुंट रोवले. दोघं पुन्हा समोरासमोर बसली. साळूबाई डाव्या हातानं ओढी, बांबू माघारी नेई. लाकूड फिरे. तिचे डोळे त्याच्याकडे लागत आणि ओठ वेडेवाकडे होऊन थांबत.

मग पंचमी आली. गावात कुणी विळी काढली नव्हती. घरोघर उकडलेली दिंडं. नाथाजीनं दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. साळूबाईला वाटलं, नुसतंच फिरवायचं. ती ओढू लागली. त्यानं पटाशी उचलली आणि लाकडाला लावली. पांढरा, लांब कीस निघाला आणि खाली पडला.

तिचा हात थांबला. घशातून एक आवाज आला.

"वढ," नाथाजी म्हणाला. "मी बी कापलं बघ. आज, पंचमीला. कापून काय हुत न्हाई, साळू. काकडीनं न्हाई गेली गं आपली शाली."

पोरीचं नाव त्यानं ती गेल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा घेतलं होतं. तो वाट बघत राहिला.

साळूबाईच्या हातून दोरी सुटली. बांबूनं ती वर खेचून नेली. ती पुढं झुकली. डाव्या हातानं जमिनीवरचा कीस चाचपून उचलला, घाईघाईनं पदराखाली दडवला आणि भेदरून दाराकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. मग त्याच्या हातातली पटाशीही दडवायला ती आपल्याकडे ओढू लागली.

त्यानं ती सोडून दिली.